गुप्त पान

२०२५ साली आमच्याकडे आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, कामं उरकायच्या आतच पाऊस कोसळला. २५ मेला मोसमी पाऊस सिंधुदुर्गात पोचलासुद्धा. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीची कौलं परतायची राहिली होती. दर वर्षी जूनच्या तोंडावर परततो, तशी यंदाही परतू म्हणून थांबलो होतो. पाण्याने वाट काढली ती नेमकी कादंबऱ्यांच्या मधल्या कपाटाच्या डोक्यावर.

मी या किनाऱ्यावरच्या एका सार्वजनिक ग्रंथालयात एकोणीस वर्षं ग्रंथपाल आहे. ३१ मेचा शनिवार मला विसरता येत नाही. त्या दिवशी चार वाजता कार्यकारी मंडळाची सभा होती आणि विषयपत्रिकेवर तिसरा विषय होता ‘जीर्ण व कालबाह्य ग्रंथांचे निर्लेखन’. सरळ भाषेत सांगायचं तर पुस्तकं नोंदवहीतून बाद करून रद्दीत घालायची. त्यामागे कारणही चांगलंच होतं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्या आनंदात गावच्या एका मुंबईकर चाकरमान्याने ‘अभिजात मराठी दालन’ करायला पैसे दिले होते. दालनाला जागा हवी होती. जागा म्हणजे मागची खोली, आणि त्या खोलीतलं मधलं कपाट.

त्या कपाटावर माझ्या आधीच्या कुणीतरी चिठ्ठी डकवलेली होती. शाई उडाली होती, तरी वाचता येत होती: ‘करमणूक (महिला)’. एकोणीस वर्षं मी त्या चिठ्ठीसमोरून जात होते. शेजारच्या कपाटावर नुसतं ‘कादंबरी’ असं होतं आणि त्यात बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा होत्या. अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, आमच्याकडे त्यातली चाळीसेक आहेत. आदल्याच वर्षी वर्गणी काढून त्यांची नवी बांधणी केली होती. तेव्हा मंडळातले सगळे किती हळवे झाले होते! कोणी कुठल्या इयत्तेत असताना पांघरुणात लपून काय वाचलं, याच्या आठवणी निघाल्या होत्या. ते चांगलंच झालं. माझी अर्नाळकरांबद्दल काहीच तक्रार नाही. पण योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर, ज्योत्स्ना देवधर यांची पुस्तकं त्याच खोलीत, त्याच ओलीत, त्याच कसरीत होती. त्यांच्या बांधणीसाठी कुणी खिशात हात घातला नव्हता.

बाद करायच्या पुस्तकांची यादी सरांनी केली होती. सर म्हणजे आमच्या मंडळाचे उपाध्यक्ष, मराठीचे निवृत्त प्राध्यापक. मी त्यांची विद्यार्थिनी. मर्ढेकर मला त्यांनीच वाचायला लावले, हे आजही कृतज्ञतेने सांगते. यादीत दोनशे चौदा पुस्तकं होती आणि सगळीच्या सगळी त्या एकाच कपाटातली. शेरा या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता: ‘कालबाह्य’. पहिल्या ओळीत तो पूर्ण लिहिला होता, खाली नुसती वरीलप्रमाणेची खूण.

सकाळी साडेआठला मी आणि शिपाई दादा मिळून ते कपाट रिकामं करायला लागलो. यादीत असोत नसोत, भिजलेली पुस्तकं वाळवणं भाग होतं. वर्तमानपत्रं अंथरली, पंखा लावला, पुस्तकं उभी करून पानं मोकळी केली. आणि तिथे मला ती पानं दिसली.

ग्रंथालयात काम न केलेल्यांसाठी सांगते. पुस्तक दाखल झालं की आम्ही त्यावर शिक्का मारतो आणि दाखल क्रमांक घालतो. मुखपृष्ठ फाटलं, पहिली पानं गेली तरी पुस्तक आपलंच आहे हे कळावं म्हणून आत एका ठरलेल्या पानावरही तोच शिक्का मारतो. त्याला गुप्त पान म्हणतात. आमचं गुप्त पान एकवीस. वर्गणीदारांना ते ठाऊक नसतं, अशी आमची समजूत.

त्या कपाटातल्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकाच्या एकविसाव्या पानावर शिक्क्याच्या आजूबाजूला खुणा होत्या. बारीक, पेन्सिलीच्या, काही शाईच्या. वर्तुळात ‘शा’. तुळशीच्या पानासारखं काहीतरी. उलटा त्रिकोण. दोन टिंबं आणि खाली आडवी रेघ. एक फुली, तिच्या चारी टोकांना गाठी. एका कादंबरीत मी मोजल्या तर सव्वीस निघाल्या. अर्थ एकच, हे पुस्तक माझं वाचून झालंय. कपाटात दोनशेवर कादंबऱ्या, नावं एकमेकींसारखी. घरी नेल्यावर कळायचं की ही तर मागच्या गणपतीतच वाचली. पुन्हा बदलायला यायचं तर तिकीट काढून एसटीने यायचं. म्हणून या बायकांनी आमचं गुप्त पान शोधून काढलं आणि त्यावर आपापली नोंदवही ठेवली.

यातलं एक मला सांगितलंच पाहिजे. अशा खुणा मी वर्षानुवर्षं खोडरबराने खोडत आले होते. ग्रंथालयशास्त्रात शिकवलं होतं, पुस्तक स्वच्छ ठेवा. आणि देवघेवीच्या टेबलावर बसून मी कितीतरी जणींना म्हटलं होतं, ‘जरा चांगलं काही न्या की!’ काजूच्या कारखान्यातून सुटून, हाताला चिकाचे डाग घेऊन आलेल्या बाईला मी हे म्हटलेलं आहे. ती काही बोलली नव्हती. मी पुढे केलेला कवितासंग्रह नेला आणि आठवड्याने न वाचता परत आणला. त्यानंतर ती दोन महिने आलीच नाही.

एक खूण मी ओळखली. दोन टिंबं आणि रेघ. ती मासळी बाजारात बसणाऱ्या आमच्या एका वर्गणीदार बाईची. तिच्या कार्डावरही ती सहीच्या बाजूला तशीच खूण करते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत ती आठवड्याला तीन-तीन पुस्तकं नेते. एरवी महिन्याला एक. तिची खूण मला त्या सकाळी एकशे सात पुस्तकांत सापडली. काहींत दोनदा होती. बाकीच्या खुणा कोणाच्या, ते मला माहीत नाही. देवघेवीच्या तारखा मारायच्या तारीखपट्ट्या बघितल्या तर काही पुस्तकांत एकावर एक चार चिकटवलेल्या, सगळ्यांत खालच्या पट्टीवर १९७४. त्या बायकांपैकी कितीजणी आता असतील?

यादीत एकशे चाळीस ते एकशे अठ्ठेचाळीस या क्रमांकांवर एकाच लेखिकेच्या नऊ कादंबऱ्या होत्या, आणि ती लेखिका आमच्या गावात राहते. ग्रंथालयापासून पंधरा मिनिटांच्या वाटेवर. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. गाव त्यांना मास्तरीणबाई म्हणतं, मी आजी म्हणते. वय चौऱ्याऐंशी. प्राथमिक शाळेत नोकरी करून १९७१ ते १९८९ या काळात अकरा कादंबऱ्या लिहिल्या. आमच्या दर्शनी भिंतीवर ‘आपले साहित्यिक’ असा फलक आहे, त्यावर सात नावं आहेत. त्यात त्या नाहीत.

सभेआधी त्यांना सांगावं असं वाटलं, म्हणून दुपारी छत्री घेऊन गेले. आजी पडवीत फणसाच्या आठळ्या पसरून बसल्या होत्या. ऊन नाही, वाळणार कशा, म्हणून वैतागल्या होत्या. मी यादीचं सांगितलं. त्यांनी हातातली आठळी बाजूला ठेवली आणि विचारलं, ‘तारीखपट्ट्या आहेत का अजून?’

मी मोबाइलवर काढलेले फोटो दाखवले. एकविसाव्या पानांचेही. त्यांनी चष्मा लावून एकेक फोटो बोटांनी मोठा करून बघितला. बराच वेळ. मग म्हणाल्या, ‘माझं एकाही पुस्तकाचं परीक्षण कुठे आलं नाही गं. एक पोस्टकार्डसुद्धा नाही कुणा समीक्षकाचं. मला वाईट वाटायचं. अजून वाटतं.’

हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की मी काय बोलावं कळेना. पुढे त्यांनीच एक गोष्ट काढली. तालुक्याला एकदा साहित्य मेळावा झाला. तोवर त्यांच्या आठ कादंबऱ्या निघाल्या होत्या. त्यांना स्वागत समितीत घेतलं आणि चहापानाची जबाबदारी दिली. व्यासपीठावर चार पुरुष बसले होते, त्यांतल्या दोघांच्या नावावर मिळून तीन पुस्तकं. ‘परिसंवादाचा विषय होता वाचक कुठे गेला. आणि मी मागे कपबशा मोजत होते.’

मी त्यांना विचारलं, तुम्ही लिहायचात कशा? हे इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं. यजमानांच्या दुकानातल्या जुन्या रोजमेळाच्या वह्यांत, कोऱ्या बाजूला, म्हणाल्या. आणि प्रकरण छापील बारा पानांचं. चौदा होतंय असं वाटलं की कापायचं. ‘बाई दिवसभर राबते. सगळ्यांची जेवणं, भांडी झाली की अंथरुणावर तिला अर्धा-पाऊण तास मिळतो. तेवढ्यात प्रकरण संपलं पाहिजे. अर्ध्यावर दिवा मालवायला लावला तर ती उद्या पुस्तक उघडेलच असं नाही. आणि प्रकरण संपताना असं काहीतरी राहिलं पाहिजे की उद्या रात्रीची तिला ओढ लागेल.’ पहिल्या कादंबरीचे एकरकमी चारशे रुपये मिळाले, पुढच्या आवृत्तीचे काहीच नाहीत. मुखपृष्ठावर नावाआधी ‘सौ.’ प्रकाशकाने आपण होऊन घातलं.

कथेच्या लांबीचा, वाचणाऱ्याच्या थकव्याचा इतका बारीक विचार मी कुठल्या परिसंवादात ऐकला नव्हता. पंधरा वर्षं ऐकतेय.

त्यांच्या स्वतःजवळच्या प्रती वाळवीने खाल्ल्या. मी म्हटलं, ‘बाद झाल्याच तर तुमच्या नऊ मी तुम्हाला आणून देते.’ त्या म्हणाल्या, ‘माझ्याकडे आणून काय? इथे कोण वाचणार? तिथेच ठेव.’

सभेच्या टेबलावर मी पुस्तकं तशीच ठेवली होती, वर्तमानपत्रांवर, एकविसावं पान उघडून. चाळीसेक पुस्तकं. मंडळाचे नऊ सभासद आले, त्यात एक बाई. सर सगळ्यांत आधी आले, वाकून पानं बघत फिरले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ‘हे विद्रूपीकरण आहे. यादीला बळकटी आणणारंच काम केलंस.’

मी सांगितलं की हा विषय घेताना मला बोलायचं आहे. बोलायची सवय नाही. ग्रंथपाल सभेत आकडे सांगतो आणि इतिवृत्त लिहितो. माझा आवाज कापत होता, पण मी खुणांचा अर्थ सांगितला, पट्ट्यांवरच्या तारखा वाचून दाखवल्या. सर शांतपणे म्हणाले, ‘वाचलं जातं म्हणून ते साहित्य होत नाही. खप आणि दर्जा यांची गल्लत करू नकोस, हे मी तुला वर्गात शिकवलंय.’

‘यातलं एखादं तुम्ही वाचलंय का, सर?’

‘त्याची गरज नसते. साचा ठरलेला असतो.’

‘साचा तर अभंगालाही असतो, सर. तेही तुम्हीच शिकवलंत.’

मला अजूनही वाटतं की हे मी जरा जास्त जोरात बोलले. पण पुढचं मी ठरवून आणलं होतं. १९४० साली रत्नागिरीला साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष ना. सी. फडके. पुढच्याच वर्षी सोलापूरला वि. स. खांडेकर. त्या काळी घराघरांत वाचल्या जाणाऱ्या कादंबऱ्या यांच्याच होत्या. खांडेकर तर इथल्या शिरोड्याच्या शाळेत १९२० पासून अठरा वर्षं शिक्षक होते आणि मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ १९७४ साली त्यांना मिळालं. खप हा दोष असेल तर तो त्यांना का लागला नाही? सर म्हणाले, ‘खांडेकरांची गोष्ट वेगळी.’ मी विचारलं, ‘वेगळी म्हणजे काय?’ ते थांबले. मी खरंच उत्तराची वाट बघत होते. मला ते समजून घ्यायचं होतं. ते म्हणाले, ‘त्यात जीवनदृष्टी आहे.’ न वाचलेल्या दोनशे चौदा पुस्तकांत ती नाही हे त्यांना कसं कळलं, हे विचारायचं माझ्या ओठांवर होतं. विचारलं नाही. त्यांनी मला शिकवलंय.

दुसरे एक सभासद म्हणाले, ‘आता कुठे राहिलाय असला भेदभाव? यंदा दिल्लीच्या संमेलनाला ताराबाई भवाळकर अध्यक्ष झाल्या ना!’ झाल्या, आणि मला त्याचा फार आनंद आहे. पण मी मोजणी सांगितली. पहिलं संमेलन १८७८ चं, न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली. पहिली स्त्री अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, १९६१, ग्वाल्हेर. मध्ये त्र्याऐंशी वर्षं गेली. नंतर दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि आता ताराबाई. अठ्ठ्याण्णव संमेलनांत सहा. कुणी समीक्षक, कुणी लोकसाहित्याच्या अभ्यासक, कुणी कवयित्री, सगळ्याच मोठ्या. पण गावोगावच्या ग्रंथालयांत ज्यांच्या कादंबऱ्यांच्या तारीखपट्ट्या भरभरून जायच्या, त्यांच्यातली एकही नाही. लोकप्रिय पुरुषाला आपण कधी अध्यक्ष करतो, कधी त्याच्या आठवणी काढून बांधणी करतो. लोकप्रिय बाईला कालबाह्य म्हणतो. हे मी सभेत म्हटलं, याच शब्दांत.

मंडळातल्या त्या एकुलत्या बाई एवढा वेळ गप्प होत्या. त्यांनी एक पुस्तक हातात घेतलं, एकविसाव्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘वर्तुळातला ‘शा’ माझ्या सासूबाईंचा आहे.’ बाकी काही बोलल्या नाहीत. पुस्तक मात्र सभा संपेपर्यंत मांडीवर ठेवून होत्या.

निर्णय झाला तो मात्र कोषाध्यक्षांमुळे. त्यांनी विचारलं, वर्गणीदारांत बायका किती? तीनशे बारांत एकशे नव्वद. त्यातल्या या कपाटातली पुस्तकं नेणाऱ्या किती? निम्म्याहून जास्त. ते म्हणाले, ‘या गेल्या तर वीजबिल कोण भरणार?’ असा व्यवहारी मुद्दा यावा लागला याचं मला वाईट वाटलं. पण आला ते बरं झालं.

ठराव असा झाला: पानं गहाळ झालेली, बुरशीने चिकटलेली अठ्ठावन्न पुस्तकं बाद. बाकीची राहतील. आजींच्या नऊ कादंबऱ्या ‘स्थानिक साहित्यिक’ या कपाटात जातील. मी आणखी एक मागणी केली, बाकीच्यांसाठी बायकांचं असं वेगळं कपाट नको. कादंबरी म्हणजे कादंबरी, लेखकाच्या आडनावाने अकारविल्हे. सरांनी विरोध नोंदवायला सांगितला, तो मी त्यांच्या शब्दांत लिहिला. फलकावर आजींचं नाव घालायचा विषय मी काढला तेव्हा अध्यक्ष म्हणाले, ‘ते पुढच्या सभेत बघू.’ त्यानंतर तीन सभा झाल्या. नाव अजून लागलेलं नाही, आणि मी दर सभेला तो विषय घालते.

अठ्ठावन्न पुस्तकं सुतळीने बांधताना मी प्रत्येकाच्या एकविसाव्या पानाचा फोटो काढून ठेवला. चार पुस्तकांत ते पानच गेलेलं होतं. बाकीच्यांचे आहेत माझ्याकडे.

रविवारी सुट्टी असून मी आणि शिपाई दादा आलो आणि पुस्तकं नव्याने लावली. ‘करमणूक (महिला)’ ही चिठ्ठी काढली, तिच्याखालचं लाकूड फिकट निघालं. पहिल्याच फळीवर कुसुम अभ्यंकर आणि बाबूराव अर्नाळकर शेजारी शेजारी आले. आजींच्या नऊपैकी एक कादंबरी मी माझ्या कार्डावर नोंदवून शनिवारी रात्रीच घरी नेली होती. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. गोष्ट आहे एका दर्यावर्दी माणसाच्या बायकोची. तो मुंबईला बोटीवर कामाला म्हणून जातो आणि पत्रं यायची थांबतात. मी ठरवलं होतं की दोन-तीन प्रकरणं चाळून बघायची. पहिलं संपलं तेव्हा घड्याळात पावणेअकरा झाले होते आणि डोळे मिटत होते. रविवारी दुसरं. तेही तसंच, बरोबर झोपेच्या काठावर येऊन थांबलं.

सोमवारी, २ जूनला, बंदी सुरू झाल्याने बाजारवाली बाई सकाळीच आली. नव्या रचनेतून फिरली, फळ्यांवरून बोट फिरवत, आणि माझ्याकडे येऊन म्हणाली, ‘बाई, मास्तरीणबायचा ता बोटवाल्याचा पुस्तक खंय गेला?’

मी म्हटलं, माझ्या घरी आहे, मी वाचतेय.

‘तुमी?’ तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग टेबलावर कोपरं टेकून पुढे वाकली. ‘तिचो घोव परत इलो काय?’

‘अजून नाही आला.’

‘खंयसर पावलास?’

‘विहिरीवर त्या दोघी भेटतात तिथपर्यंत.’

‘मगे आज रातीक येतलो,’ ती म्हणाली.